घोडनदीचा मासा आणि साहेबाचा गळ

शिरूरजवळ घोडनदीचा एक काठ पुणे जिल्ह्याचा आणि दुसरा नगरचा. या नदीतल्या एका माशाचे वर्णन १८३९ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापून आले आणि ‘बार्बस मुसुल्ला’ या नावाने त्याची शास्त्राच्या दप्तरी नोंद झाली. वर्णन करणारा होता विल्यम हेन्री साइक्स, कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातला अधिकारी. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत दख्खनच्या नद्यांविषयी इंग्रजीत जे काही लिहिले गेले, त्यातला मोठा वाटा हौसेने गळ टाकणाऱ्या साहेबांचा. नदीत मासा किती, कोणता, तो कमी का झाला, कोणामुळे झाला, हे सारे आधी या मंडळींनी मांडले. पुढे तेच कायद्यात, सरकारी अहवालांत आणि आपल्याही बोलण्यात रुजले. त्यांचा निवाडा थोडक्यात असा: भोई, कोळी, भिल्ल बारीक जाळी लावतात, डोहात विष कालवतात, अंड्यावरचा मासासुद्धा सोडत नाहीत, म्हणून नद्या ओस पडल्या. नगर जिल्ह्याच्या नद्यांपुरता तरी हा निवाडा पुराव्यावर टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे. मासा कमी झाला तो मुख्यतः त्याची वाट अडवल्याने, आणि ती वाट अडवणारा हात जाळ्यावाल्याचा नव्हता.

प्रथम साइक्सची साक्ष काढू. खडकीच्या लढाईत तो होता. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने १८२४ मध्ये त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्या वाट्याला आले. जमिनीचा पोत, पाऊसमान, गावची वतने, बाजारभाव यांच्या जोडीने त्याने पक्षी, जनावरे आणि मासेही टिपले. त्याच्या यादीत दख्खनचे चाळीसहून अधिक मासे आहेत. काही पुण्याच्या मुळा-मुठेतले, काही घोडनदीतले, तर काही भीमेकाठच्या ‘पैरगाव’चे. हे पैरगाव म्हणजे श्रीगोंदे तालुक्यातले पेडगाव, बहादूरखानाच्या छावणीमुळे इतिहासात गाजलेले. ‘रोहती विगोर्साय’ या चांदीसारख्या चपट्या माशाची नोंद तिथलीच. पण या यादीत मोलाची गोष्ट वेगळी आहे. साइक्सने बऱ्याच माशांना लॅटिन वळणाची जी नावे दिली, ती काठावरच्या बोलीतून उचललेली आहेत: खुद्री, पोटेल, मुल्या, अलकुटी, शिंगटी. ही नावे त्याला कचेरीतल्या कारकुनाने सांगितली असणे शक्य नाही. कोणता मासा कोणत्या पाण्यात राहतो आणि दोन सारख्या दिसणाऱ्या माशांत फरक काय, हे सांगणारा माणूस जाळेवालाच असणार. म्हणजे दख्खनच्या माशांविषयीचे पहिले शास्त्रीय ज्ञान ज्यांच्याकडून आले, तेच लोक पुढच्या पन्नास वर्षांत माशांचे वैरी म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

कालक्रम इथेच लक्षात घ्यायला हवा. साइक्स फिरत होता तेव्हा फेकजाळी होती, दावणी होत्या, ओढ्याच्या तोंडाशी लावायचे बांबूचे सापळे होते, आणि डोहात गेळफळ किंवा रामेट्याची साल कुटून टाकून मासे गुंगवण्याची रीतही होती. यातले काहीच इंग्रजांबरोबर आलेले नव्हते. कित्येक पिढ्या हेच चालत आले होते. तरीही एकट्या माणसाला इतर कामे सांभाळून चाळीसावर जातींचे मासे हाती लागावेत इतक्या त्या नद्या भरलेल्या होत्या. जाळे आणि विष हेच जर नदी ओस पाडणारे असते, तर ती साइक्सच्या कितीतरी आधी ओस पडायला हवी होती.

घोडनदीच्या त्या मुसुल्ल्याचे पुढे काय झाले, ही कथा थोडी आडवाटेची आहे, पण गळाच्या हौसेने नजर कशी वळते याचा तिच्याइतका चांगला दाखला दुसरा मिळणार नाही. साइक्सच्या वर्णनामागचे मूळ नमुने उरले नाहीत, उरले ते शब्द आणि चित्र. विसाव्या शतकात सुंदरलाल होरा यांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारताच्या ‘गेम फिश’वर, म्हणजे शिकारीच्या लायक माशांवर, लेखमाला चालवली. १९४३ च्या लेखात त्यांनी मुसुल्ला म्हणजे मोठा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर, असे ठरवले. कावेरीत गळवाल्यांना मिळणारा प्रचंड कुबड्या महाशीर मग या नावाखाली मोडू लागला, आणि घोडनदीचा मासा कागदावर कर्नाटकात जाऊन राहिला. पुढची सुमारे सत्तर वर्षे हे चालले. या शतकात साइक्सचे मूळ वर्णन आणि चित्र बारकाईने वाचून संशोधकांनी दाखवले की मुसुल्ला हा महाशीर नाहीच; तो ‘हिप्सेलोबार्बस’ या वेगळ्या वंशातला, द्वीपकल्पातलाच एक मोठा कार्प आहे. चूक होराची होती म्हणून त्याची विद्वत्ता उणी ठरत नाही. पण मोठ्या, झुंजार, बंगल्याच्या भिंतीवर शोभेल अशा माशाचा शोध हा ज्या चर्चेचा गाभा, तिथे साध्या माशालाही महाशीर व्हावेसे वाटते, हे मात्र खरे.

साहेबाच्या मनातला खरा मासा महाशीरसुद्धा नव्हता. तो होता ट्राउट. स्कॉटलंड-इंग्लंडच्या थंड, नितळ ओढ्यात राहणारा, पाण्यावर पडलेला किडा झेपावून टिपणारा. गळावर पिसे आणि रेशमी दोरा गुंडाळून किड्याची नक्कल करायची, लवचीक काठीने ती अलगद पाण्यावर ठेवायची आणि मासा फसेपर्यंत ओढा चढत जायचा, हा त्यांच्या दृष्टीने या खेळाचा सर्वांत उंच प्रकार. हिंदुस्थानात आल्यावर हा मासा नाही म्हटल्यावर त्यांनी तो आणायचाच घाट घातला. निलगिरीत १८६० च्या दशकात फ्रान्सिस डे याने प्रयत्न केले, ते फसले. विसाव्या शतकाच्या आरंभी एच. सी. विल्सन याला तिथे यश आले. काश्मीरला १८९९ मध्ये निघालेली अंड्यांची खेप वाटेतच मेली, १९०० ची जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारा फ्रँक मिचेल या खटाटोपामागे होता. १९०९ मध्ये कुलूच्या खोऱ्यात कतराईनला अंडी उबवण्याचे केंद्र निघाले. हजारो मैलांवरून बर्फात अंडी आणून नदीच बदलायची, इतकी ही हौस जबर होती.

देशावर हे घडले नाही ते कोणाच्या सद्बुद्धीने नव्हे. ट्राउटला वीस अंशांच्या आतले पाणी लागते आणि अंडी फुटायला त्याहून बरेच थंड. निलगिरीतली उटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, १,६४६ मीटरवर संपते. आणि शिखरावर नदी नसते. प्रवरा रतनगडाच्या कुशीतून उतरून भंडारदऱ्याला येते तेव्हा ती आठशे मीटरच्याही खाली आलेली असते. घाटघरला पाऊस कोसळतो, तर नगर शहराला सालभरात सहाशे मिलिमीटरही धड पडत नाही. खाली संगमनेर, राहुरी, नेवाशाकडे उन्हाळ्यात पात्रात फक्त डोह उरतात आणि तेही कोमट. आपल्याकडे साहेबाच्या आणखी एका फसलेल्या प्रयोगाचे थडगे नाही, याचे श्रेय एप्रिल-मेच्या उन्हाला द्यायचे.

ट्राउट नाही म्हटल्यावर जे आहे त्यावर भागवणे आले. मद्रास सनदी सेवेतल्या हेन्री सुलिव्हन थॉमसचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये मंगळूरहून निघाले आणि हिंदुस्थानातल्या गळवाल्यांची पोथी झाले. महाशीर झुंजीत सामनला मागे टाकतो, हा त्याचा दावा त्यातलाच. पण त्याच्या पानांतून दख्खनसारख्या मुलखाची अडचणही कळते. पावसाळ्यात इथले पाणी लाल गढूळ. त्यात पिसांची माशी टाकली तरी ती दिसणार कुणाला? पाणी निवळते दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, आणि शिवरात्र उलटली की धार तुटायला लागते. म्हणजे माशी टाकून गळ खेळायचा हंगाम अवघ्या चार महिन्यांचा. मोठ्या खडशीसाठी, म्हणजे इथल्या महाशीरासाठी, चमच्यासारखा धातूचा पत्रा किंवा कणकेचा गोळा. आणि माशी उरली ती अलकुटासारख्या बोटभर, पाण्यावर उड्या मारणाऱ्या माशांपुरती. या व्यवहारात माशांची उतरंड ठरून गेली. वर महाशीर, कारण तो ओढतो. मग माशीला येणारे लहान मासे, करमणुकीपुरते. मरळ, वाम, शिंगटा, घोगरा, मळ्या, मुऱ्या हे सारे तळाला, कारण ते एकतर चिखलात राहतात, नाहीतर गळाला ओढ देत नाहीत. बाजारात मरळीला सगळ्यांत जास्त भाव मिळतो आणि आजारातून उठलेल्याला मरळीचे कालवण देतात, हे या उतरंडीत कुठेच येत नाही.

आरोपाचे कागद याच काळातले. फ्रान्सिस डे, निलगिरीत ट्राउटचा प्रयत्न करणारा तोच लष्करी डॉक्टर, पुढे हिंदुस्थानचा मत्स्यव्यवसाय महानिरीक्षक झाला. त्याचा गोड्या पाण्यातल्या माशांवरचा अहवाल १८७३ मध्ये बाहेर पडला. माशांचा जाणकार म्हणून डे अस्सल होता. ‘फिशेस ऑफ इंडिया’ हा त्याचा ग्रंथ अजून उघडावा लागतो. पण अहवालाची पद्धत पाहा. ठिकठिकाणच्या गोऱ्या आणि देशी अधिकाऱ्यांना प्रश्नावली पाठवून उत्तरे मागवली गेली: मासे वाढले की घटले, जाळ्याचे डोळे केवढे, विष घालतात का, अंड्यावरचे मासे मारतात का. उत्तरे देणारे मामलेदार आणि तहसीलदार. सारावसुलीत बुडालेल्या मामलेदाराने नदीचा मासा स्वतः मोजलेला नसतो. वरिष्ठाच्या प्रश्नातच ज्या उत्तराची दिशा दिसते, ते उत्तर तो देतो. ज्यांची जाळी मोजायची होती त्या भोयांची साक्ष या कागदांत अभावानेच सापडते. यातून आणि गळवाल्यांच्या तक्रारींतून पुढे १८९७ चा हिंदुस्थान मत्स्य कायदा आला. त्याने दोन गुन्हे ठरवले: सुरुंगाने मासे मारणे आणि विष घालून मारणे. शिवाय ठरावीक पाण्यांसाठी जाळ्याचे डोळे, मासे धरायचे आडबांध आणि बंदीकाळ यांचे नियम करायचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. यातला सुरुंग लक्ष देण्यासारखा आहे. डायनामाइट हे १८६७ चे युरोपी पेटंट. ते दख्खनच्या खेड्यात पोहोचले रेल्वे, खाणी, घाटरस्ते आणि कालव्यांच्या कामांवरून. कायद्याने ज्या पहिल्या गुन्ह्याला हात घातला, त्याचे साहित्य सरकारी कामांच्या गुदामातूनच गावात झिरपले होते.

आता जाळेवाल्याची बाजू. अकोल्याच्या पट्ट्यात पहिला जोराचा पाऊस झाला की चढणीचे मासे निघतात. ओढे भरून वाहायला लागतात, आणि उन्हाळाभर डोहात दबून राहिलेला मासा उलट्या धारेने वर, पार भातखाचरांपर्यंत चढतो. बांधावरून पडणाऱ्या पाण्याच्या चादरीवर तो अंग झोकून देतो, खडकावर आपटतो, पुन्हा झेपावतो. बांधाखाली पाटी किंवा बांबूचा सापळा धरून बसलेल्या माणसाला कष्ट असे नसतातच. महादेव कोळी आणि ठाकरांच्या वस्त्यांवर ही वर्षातली मोठी पर्वणी. पकडलेला मासा अंड्यावर असतो, हे खरे आहे, आणि गळवाल्याचा जीव याच दृश्याने हळहळत असे. पण हा शिकारीचा काळ किती, तर दोन-चार रात्रींचा. पूर एकदा चढला की सापळा वाहून जातो आणि माणूस आवणीच्या चिखलात असतो. बहुतेक मासा निसटून वर पोहोचतोच. विषाचेही तसेच. रामेट्याची साल किंवा गेळफळ वाहत्या पाण्यात काही करत नाही. ते चालते उन्हाळ्यात तुटलेल्या, लहान, साचलेल्या डोहात. मोठा डोह विषाने आटोपत नाही. निघोजला कुकडीच्या पात्रात जे प्रसिद्ध रांजणखळगे आहेत, तसे खडकात कोरलेले खोल पाणी हीच या नद्यांची बियाण्याची कोठी होती. आणि कित्येक डोह तर देवाचे: महाडजवळचे वाळणकोंड, वाड्याकडचे तिळसे, इंद्रायणीवरचा देहूचा डोह. तिथल्या माशाला गळ लावायची कुणाची छाती नव्हती. बंदीकाळ आणि राखीव पाणी या कल्पना सरकारी राजपत्रातून शिकाव्या लागाव्यात, अशी या लोकांची स्थिती नव्हती.

मग बदलले काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगमनेरच्या खाली ओझरला प्रवरेवर दगडी बंधारा बांधून कालवा काढला गेला. पुढे १९१० ते १९२६ या काळात भंडारदऱ्याला धरण उभे राहिले; ८२ मीटर उंचीचे, त्या काळातल्या देशातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक. धरणाला गव्हर्नर लेस्ली विल्सनचे नाव मिळाले आणि जलाशय ‘आर्थर लेक’ म्हणून ओळखला गेला. खडशी कशी वाढते हे पाहिले की या भिंतींचा अर्थ कळतो. ती पावसाळ्यात वरच्या अंगाला, वाहत्या, हवा खेळत्या पाण्यात चढते आणि गोट्यांच्या थरावर अंडी सोडते. अंडी जड असतात, तळाशी दगडांच्या फटीत बसतात आणि तीन-चार दिवसांत फुटतात. यासाठी तिला तीन गोष्टी लागतात: खालचा खोल डोह, वरचा खडकाळ ओढा आणि दोहोंमधली मोकळी वाट. बुटका बंधारासुद्धा ही वाट तोडतो, कारण बंधाऱ्याच्या पायथ्याशी दगडी फरशी असते, तिच्यावरून पाणी चार बोटे पसरून जाते आणि उडी घ्यायला माशाला खोली मिळत नाही. मासा तिथेच घोटाळत राहतो आणि तिथे त्याला पकडणे सोपे जाते. मग बंधाऱ्याखालचे जाळे पाहून साहेब म्हणणार, पाहा, हे लोक मासे संपवताहेत. भंडारदऱ्यासारखी भिंत तर प्रश्नच मिटवते. आणि कालव्याला पाणी वळले की खालच्या पात्रातले डोहही उन्हाळ्यात सुकतात. जाळे मासा काढते. बंधारा त्याचे घर, प्रसूतिगृह आणि मधला रस्ता तिन्ही काढून घेतो.

हे त्या काळी कुणाला ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. खुद्द इंग्लंड-वेल्समध्ये १८६१ च्या सामन कायद्याने, सामन चढणाऱ्या नदीवर नवा बांध घालणाऱ्याने माशासाठी पायऱ्यांची वाट ठेवलीच पाहिजे, असे बंधन घातले होते. तंत्र माहीत होते, कायद्याची भाषाही तयार होती. हिंदुस्थानच्या १८९७ च्या कायद्यात पाटबंधारे खात्यावर असे कोणतेही बंधन आले नाही. गळवाल्यांच्या बाजूने एक रास्त आक्षेप इथे निघतो: डे आणि थॉमस यांनी कालव्यांच्या बांधांविषयी लिहिलेच नाही का? लिहिले. डेच्या अहवालात माशांना वाट नसलेल्या बांधांविषयी तक्रार आहे. पण तक्रारींच्या यादीतून कायद्यात काय उतरले, हे पाहायचे असते. बांधांची तक्रार अहवालात राहिली आणि जाळ्याची कलमात गेली. इंजिनिअर आणि गळवाला एकाच क्लबात बसत. भोई त्या क्लबात नव्हता. यात कटकारस्थान शोधण्याचे कारण नाही. आपल्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला गुन्हेगार समजणे कुणालाही जड जाते, एवढेच.

दुसरा आक्षेप लोकसंख्येचा, आणि तो जास्त वजनदार आहे. साइक्सने पाहिलेली दख्खन युद्धे आणि १८०३-०४ च्या भीषण दुष्काळातून नुकती सावरत होती. नगरच्या मुलखात गावेच्या गावे ओस पडली होती. माणसे कमी, म्हणून मासे जास्त. पुढे माणसे वाढली, रेल्वे आली, बाजार जवळ आला, आणि तेच जाळे जड झाले. हे अंशतः मान्य करायला हवे. १९६० नंतर नायलॉनचे तंगूस आले तेव्हापासून तर जाळ्याचा दोष नाकारताच येत नाही. सुताच्या जाळ्यातून निसटणारा मासा तंगुसातून निसटत नाही. पण या हिशेबात एक गोष्ट बसत नाही. केवळ पकड वाढल्याने मासे घटले असते, तर खाण्याच्या आणि विकण्याच्या जाती आधी विरळ व्हायला हव्या होत्या. झाले वेगळेच. मरळ, शिंगटा यांच्यावर जाळ्याचा सर्वांत जास्त भार, तरी साचलेल्या पाण्यात तग धरणारे हे मासे टिकून राहिले. मागे हटली ती वाहते पाणी आणि चढण लागणारी खडशी. पुण्याकडच्या नद्यांसाठी साइक्सची आणि १९४२ सालची फ्रेझरची यादी हाताशी असल्याने संशोधकांनी जुन्या आणि नव्या यादीची तुलना करून २००३ मध्ये निष्कर्ष छापले: काही देशी जाती हरवलेल्या, परक्या जाती शिरलेल्या, आणि कारणांत बांध, सांडपाणी, परके मासे हे सारे. नगरकडे त्यात उसाची भर घालावी लागते. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आला, उसावर साखर कारखाने आले, आणि मळी नदीत गेल्यावर पालथ्या पडलेल्या माशांचे ढीग या काठांनी पाहिले. त्या ढिगात जाळ्याच्या डोळ्याचा प्रश्नच उरत नाही.

तिसरा आक्षेप असा की नगरसारख्या दुष्काळी जिल्ह्यात माशाचे काय घेऊन बसलात? १८७६ ते ७८ चा आणि १८९९-१९०० चा छप्पन्नाचा दुष्काळ ज्यांच्या घरांतून गेला, त्यांना भंडारदऱ्याचे अकरा टीएमसी पाणी म्हणजे जीवदान होते. याच पाण्यावर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० च्या गळीत हंगामापासून जिल्ह्याचे अर्थकारण बदलले. हे सगळे खरे, आणि धरण बांधायला नको होते असे म्हणणे उद्धटपणाचे ठरेल. मात्र धरणाचा जमाखर्च मांडताना बुडालेल्या जमिनीला किंमत लागली, कोरड्या पडलेल्या पात्राला आणि त्यावर जगणाऱ्या भोयाला नाही. उलट धरण झाल्यावर मासे वाढले, असे सांगण्यात आले. किलोच्या हिशेबात ते बरोबर आहे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरींनी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्पची अंडी काढण्यात यश मिळवले, आणि त्यानंतर गंगेकडचे कटला, रोहू, मृगळ यांचे बीज देशभर स्वस्त झाले. मुळा, भंडारदरा, जायकवाडीच्या जलाशयांतून आज मच्छीमार सहकारी संस्था जो मासा काढतात, त्यात या पाहुण्यांचा मोठा भाग आहे. भोयाच्या पोराला त्यातून रोजगार मिळतो, ही लहान गोष्ट नाही. पण याला नदीचा मासा वाढला असे म्हणता येत नाही. तळ्यात सोडलेले बीज तळ्यातून काढले, इतकेच झाले.

महाशीराकडे लक्ष परत वळायला लागले ते १९७० च्या सुमारास, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा. राज्याच्या मत्स्य खात्यात काम केलेल्या डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनच्या खडशीच्या विणीचा अभ्यास केला. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावाकाठी त्यांनी आणि एस. एन. ओगले यांनी तिची अंडी हाताने फळवून पिल्ले वाढवण्याचे केंद्र नावारूपाला आणले. लाखो पिल्ले देशभर गेली. कामाची निष्ठा वादातीत आहे. तरी ही पिल्ले ज्या नद्यांत गेली त्यांत कावेरीही होती, जिथे दख्खनची ही खडशी मूळची नव्हती. तिथल्या गळवाल्यांच्या छावण्यांत मासा पकडून, मोजून, सोडून देत आणि वहीत नोंद ठेवत. त्या वह्या तपासल्यावर दिसले की खडशीसारखा निळ्या परांचा मासा वाढत गेला आणि कावेरीचा स्वतःचा कुबड्या महाशीर गळाला लागेनासा झाला. तोच कुबड्या, ज्याला होराच्या वाचनापासून घोडनदीचे नाव चिकटले होते. २०१८ मध्ये त्याची ओळख ‘टोर रेमादेवी’ म्हणून पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. बाहेरचा मासा आणून नदीच बदलायचा जो घाट साहेबाने ट्राउटसाठी घातला, तेच काम कावेरीत आपल्या खडशीने केले.

यावरून गळवाल्यांच्या बाजूचा शेवटचा मुद्दा येतो: मोजले तर त्यांनीच, नोंदी ठेवल्या तर त्यांनीच, त्यांच्याशिवाय कुबड्याचे संकट कुणाला कळले असते? खरे आहे. पण त्यांच्या वहीत गळाला लागणारा मासाच येतो. मळ्या, मुऱ्या, घोगरा यांच्या अशा वह्या नाहीत. नगरच्या नद्यांसाठी साइक्सची यादी आणि काठावरची माणसे, एवढाच तुलनेचा आधार उरतो, आणि ती माणसे आता बहुतेक जलाशयांच्या ठेक्यावर कटला काढतात. घोडनदीपुरते बोलायचे तर शिरूरच्या वरच्या अंगाला आंबेगाव तालुक्यातले डिंभे धरण आहे, खालच्या अंगाला चिंचणीचे, आणि कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही आणखी चार. डिंभ्यासह या पाच धरणांतल्या पाण्याच्या वाटपावरून पुणे, नगर आणि सोलापूर यांच्यात जवळपास दर उन्हाळ्यात भांडण होते. आवर्तन किती दिवसांचे, डाव्या कालव्याला किती, उजव्याला किती, यावर बैठका होतात. पात्रात किती सोडायचे हा विषय निघतोच तर तो पिण्याच्या पाण्यासाठी निघतो.